हातमोजे घालूनही बोटं गारठतात? दोष नुसता मोज्यांत शोधू नका

लक्षण नेहमीचंच. घरातून निघताना हात छान ऊबदार असतात. पंधरा-वीस मिनिटांत करंगळी गार पडते, मग अनामिका, मग सगळ्याच बोटांची टोकं. अर्ध्या तासात खिशात किल्ली आहे की नाणं हे चाचपून कळेनासं होतं. अंगावर जॅकेट असतं, हातात जाड मोजे असतात, तरी दर थंडीत हेच. मोजे बदलून पाहिले, आणखी जाड घेतले, तरी चार दिवसांनी पुन्हा तीच तक्रार.

मी तीन हिवाळे यात काढले. रात्री आकाशाचे फोटो काढायचा मला नाद आहे. उघड्यावर ट्रायपॉडशेजारी तासन्‌तास जवळजवळ न हलता उभं राहायचं आणि दर काही मिनिटांनी मोजा काढून फोकसची रिंग केसभर फिरवायची, असं ते काम. तिसऱ्या हिवाळ्यात मी आतून पातळ लोकरीचे आणि वरून नवे जाडजूड असे दोन मोजे एकावर एक चढवले. त्या रात्री बोटं नेहमीपेक्षा लवकर बधिर झाली. मोजे ओढून काढले आणि टॉर्चच्या उजेडात हात पाहिला, तर प्रत्येक बोटाच्या पेरावर आतल्या मोज्याच्या विणीची नक्षी उमटली होती, अगदी शिवणीच्या टाक्यांसकट. बोटं पांढरी पडलेली. ऊब वाढावी म्हणून चढवलेला दुसरा थर रक्तच अडवत होता.

त्या रात्रीनंतर नवे मोजे शोधणं मी थांबवलं आणि हात मुळात गार का पडतात ते समजून घेतलं. बहुतेकांच्या बाबतीत आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असाच प्रकार होत असतो, म्हणून कारण कसं ओळखायचं ते आधी सांगतो आणि उपाय त्यानंतर.

बोटांना स्वतःची शेगडी नाही

एक हात समोर धरा, दुसऱ्या हाताने त्याचा कोपराखालचा भाग पकडा आणि बोटं झरझर हलवा. हालचाल कोपराखाली जाणवेल. बोटं हलवणारे मोठे स्नायू तिथे असतात, बोटांपर्यंत येतात त्या फक्त त्यांच्या दोऱ्या. उष्णता स्नायूंत तयार होते, त्यामुळे बोटांत स्वतःची अशी ऊब फारच थोडी. बाकी सगळी रक्तातून येते. त्यात बोटं बारीक आणि लांबट, म्हणजे आतल्या मांसाच्या मानाने बाहेरची त्वचा फार. ऊब यायला एकच वाट, आणि जायला चारी बाजू मोकळ्या.

ती एकुलती एक वाट शरीर स्वतःच बंद करतं. धडाच्या आतलं तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास राखणं हे त्याचं पहिलं काम. बोटांच्या टोकांत आणि तळहातात धमन्या आणि शिरा यांना थेट जोडणाऱ्या खास बारीक वाहिन्या असतात. अंगात उष्णता जास्त झाली की त्या उघडतात आणि हातावाटे ती बाहेर टाकतात. गारवा जाणवला की मिटतात. हात म्हणजे शरीराची खिडकीच, आणि आतली ऊब कमी पडतेय असं वाटलं की सर्वांत आधी हीच खिडकी लावली जाते. तुम्हाला हुडहुडी भरण्याच्या बरंच आधी, तुमच्या नकळत.

बोटांच्या त्वचेचं तापमान साधारण १५ अंशांच्या खाली गेलं की बारीक कामं जमेनाशी होतात. ८ अंशांच्या आसपास स्पर्शच हरवतो. बटण लावताना किंवा स्क्रू धरताना होणारी तारांबळ ही त्यातूनच येते, तो तुमचा वेंधळेपणा नाही.

मोजा ऊब तयार करत नाही, आलेली अडवतो. मुळात आलीच नाही तर तो काय अडवणार? म्हणून तपासायच्या गोष्टी दोन. ऊब हातापर्यंत पोचते का, आणि पोचलेली टिकते का.

आधी ही चाचणी करा

मोजे तेच ठेवा. डोक्यावर कानटोपी, गळ्याला मफलर आणि अंगात आणखी एक स्वेटर चढवा, आणि दहा मिनिटं झपाझप चाला. हातांकडे लक्ष देऊ नका.

चालून झाल्यावर बोटं ऊबदार झाली असतील तर मोज्यांत दोष नव्हता, अंगात ऊब कमी पडत होती. अंग तापलं, पाठीला घाम आला, तरी बोटं गारच असतील तर एकतर मोजा घट्ट आहे, किंवा तो ओला आहे, किंवा वारा आत शिरतोय, किंवा तुम्ही सतत काहीतरी थंड वस्तू धरून आहात. यातलं काहीच नसेल तर रक्तवाहिन्यांचाच काही त्रास असू शकतो. त्याबद्दल पुढे.

मी ही चाचणी केली तेव्हा घट्ट मोजे काढून जुने पातळ मोजे घातले होते. अकराव्या मिनिटाला बोटांच्या टोकांत मुंग्या येऊ लागल्या आणि मग ऊब अक्षरशः सरकत आली, आधी अंगठा, शेवटी करंगळी. ज्या मोज्यांना मी दोन वर्षं कुचकामी म्हणत होतो, तेच हे मोजे.

अंगातच ऊब कमी असेल तर

बहुतेक लोक इथेच अडकतात, आणि उपायही इथेच सर्वांत सोपे आहेत. अंग गारठायच्या आधीच कपडे चढवा. एकदा बोटांच्या वाहिन्या मिटल्या की पुन्हा उघडायला बराच वेळ लागतो, म्हणून बाहेर पडल्यावर वीस मिनिटांनी स्वेटर घालणं आणि निघतानाच घालणं यात फार फरक पडतो. गळा, छाती आणि पोट झाका. पाय विसरू नका. नुसती पातळ पँट घालून वर भारी जॅकेट चढवणारे खूप जण हाताच्या तक्रारी सांगतात. मांड्यांतून उष्णता जात राहते आणि शरीर हिशेब हातांवर काढतं.

पोटात काहीतरी असू द्या. उपाशीपोटी शरीराकडे जाळायला इंधन कमी असतं. गरम पेयाचा कप दोन्ही हातांत धरणं उत्तमच, पण दारूने ऊब येते हा समज मनातून काढून टाका. दारूने त्वचेतल्या वाहिन्या रुंदावतात, म्हणून गरम वाटतं, आणि नेमकी त्याच वेळी धडातली उष्णता बाहेर निघून जाते. सिगारेटचं उलट: निकोटिनमुळे बोटांच्या वाहिन्या आकसतात. थंडीत ऊब यावी म्हणून सिगारेट पेटवणाऱ्या मित्राची बोटं हातात घेऊन पाहा.

हालचाल हवी, पण नुसती बोटांची नाही. हात चोळल्याने थोडा वेळ बरं वाटतं. त्यापेक्षा उठाबशा काढा, जिना चढा, जागच्या जागी गुडघे उचला. मोठे स्नायू कामाला लागले की सगळ्या अंगाला ऊब येते आणि मिटलेली खिडकी उघडते. फोटो काढताना मी आता दर एक्स्पोजरला वीस उठाबशा काढतो. तेवढ्याने हात जितके सुधारले तितके कुठल्याही मोज्याने सुधारले नव्हते.

बोटं आधीच बधिर झाली असतील तर हात खांद्यातून पूर्ण गोल फिरवा, जोरात, वीस-तीस वेळा. फिरण्याच्या वेगाने रक्त टोकांकडे ढकललं जातं. गिर्यारोहक हे सर्रास करतात. रक्त परतताना ठणका लागतो, कधीकधी डोळ्यांत पाणी येईल इतका. तो दोन-चार मिनिटांत ओसरतो.

एक फसवा प्रकार लक्षात ठेवा. थंडीत पाच-दहा मिनिटं गेल्यावर बोटं कधीकधी आपोआप थोडी गरम होतात, पुन्हा गार होतात, पुन्हा गरम. वाहिन्या आलटून पालटून उघडतात आणि मिटतात. थॉमस लुईस यांनी १९३० मध्ये याचं वर्णन केलं होतं. अशी मधली ऊब आली म्हणजे त्रास संपला असं समजून कानटोपी काढू नका. अंग गारठलं असेल तर ही उघडझापही मंदावते.

मोजा घट्ट आहे का

मोजा घालून मूठ आवळा. बोटांच्या टोकांवर किंवा पेरांवर कापड ताणलं गेलं तर तो घट्ट आहे. हात सरळ केल्यावर प्रत्येक बोटाच्या टोकापुढे थोडीशी मोकळी जागा हवी, कारण ऊब धरून ठेवते ती तिथली आणि अस्तरातली स्थिर हवा. अस्तर दाबलं गेलं की हवा जाते, आणि जाड मोजाही पातळ मोज्यासारखाच वागतो. आत दुसरा मोजा घालायचा असेल तर वरचा एक माप मोठा घ्या. मनगटाचा पट्टा, घड्याळ, अंगठी, जॅकेटच्या बाहीचं इलॅस्टिक, यांच्याही खुणा त्वचेवर उमटतात का ते पाहा.

नखाची खूणही उपयोगी पडते. ऊबदार हाताचं नख दाबून सोडलं की पांढरा झालेला रंग साधारण दोन सेकंदांत गुलाबी होतो. मोजा अर्धा तास घालून काढल्या काढल्या नख दाबा. रंग परतायला फार वेळ लागत असेल आणि अंग मात्र ऊबदार असेल, तर मोजा बदला.

बारीक काम नसेल तर चारही बोटं एकत्र राहतील असे पिशवीसारखे मोजे घ्या. बोटं एकमेकांची ऊब वापरतात आणि बाहेर उघडी पडणारी त्वचा कमी होते. मी आता असेच मोठे मोजे गळ्यातल्या दोरीला अडकवून ठेवतो, आत पातळ पाच बोटांचे. काम आलं की मोठ्यातून हात काढायचा, पातळ मोज्यासकट रिंग फिरवायची आणि लगेच हात पुन्हा आत. उघडा हात धातूला लागू द्यायचा नाही, हा नियम मी कधीच मोडत नाही.

ओल, वारा आणि धातू

पाणी हवेपेक्षा जवळजवळ २५ पट जोरात उष्णता वाहून नेतं. म्हणजे ओला मोजा हा मोजा उरतच नाही. पाऊस-बर्फापेक्षाही मोजे ओले करणारा खरा शत्रू आपलाच घाम. भराभर चालताना किंवा सामान वाहताना हात घामेजतात, मग आपण थांबतो, आणि तो घाम सुकताना दर ग्रॅममागे सुमारे ५८० कॅलरी उष्णता हातातून ओढून घेतो. यावर उपाय म्हणजे चढ चढताना किंवा ओझं वाहताना जाड मोजे काढून टाका आणि थांबण्याच्या थोडं आधी पुन्हा घाला. दुसरा कोरडा आतला जोड खिशात ठेवा, बॅगेत नको, खिशात. अंगाच्या ऊबेने तो गरम राहतो. सुती आतले मोजे टाळा, सूत ओल धरून ठेवतं. लोकर किंवा घाम बाहेर टाकणारं सिंथेटिक कापड चांगलं.

वाऱ्याचा त्रास दुचाकीवर सर्वांत जास्त. कॅनडा आणि अमेरिकेत २००१ पासून वापरतात त्या सूत्राने, हवा ५ अंशांवर असताना ताशी ६० किलोमीटरचा वारा लागला तर उघड्या त्वचेला उणे २ अंशांसारखी थंडी वाजते. लोकरीचा मोजा कितीही जाड असो, वारा त्याच्या विणीतून आरपार जातो. तिथे वारा अडवणारा वरचा थर लागतो, कातड्याचा किंवा दाट विणीच्या कापडाचा, आणि त्याची कड जॅकेटच्या बाहीवर येईल इतकी लांब हवी. मनगटाच्या आतल्या बाजूला धमन्या त्वचेच्या अगदी जवळून जातात. तिथे दोन बोटांची फट राहिली तर हातात जाणारं रक्त वाटेतच निवतं. हँडलवर बसवायचे आच्छादनाचे कप्पे दिसायला बोजड असतात, पण वारा हातापर्यंत पोचूच देत नाहीत, म्हणून मला ते कुठल्याही महाग मोज्यापेक्षा भरवशाचे वाटतात. हँडलची पकडही सैल ठेवा. भीतीने आवळून धरली की मूठ स्वतःच रक्त दाबते.

धातूचं वेगळं सांगायला हवं. लोखंड, ॲल्युमिनियम हात लागताच उष्णता ओढून घेतात, लाकूड आणि फोम तसं करत नाहीत. ट्रायपॉडच्या वरच्या दोन पायांवर मी फोमची नळी कापून गुंडाळली आणि चिकटपट्टीने बसवली. अवजारांच्या दांड्यांना, कुंपणाच्या कडीला, सायकलच्या ब्रेकला हेच करता येतं. गोठणबिंदूच्या बराच खाली पेट्रोलसारखं द्रव हातावर सांडू देऊ नका. ते गोठत नाही, पण बाहेरच्या हवेइतकंच गार असतं, भराभर उडतं, आणि काही क्षणांत त्वचेला इजा करू शकतं.

घरात, टेबलाशी बसून हात गार पडत असतील

खोली १८-२० अंशांवर असली तरी टायपिंग करणाऱ्यांचे हात गार पडतात, माउसवरचा हात जास्तच. कारण तेच: तासभर अंग हललेलं नसतं. त्यात मनगटं लॅपटॉपच्या धातूच्या कडेवर टेकलेली असतात. मनगटाखाली कापड किंवा चटई ठेवा, बाह्या मनगटापर्यंत ओढा, मांडीवर पांघरूण घ्या, आणि तासातून दोनदा उठून जिना चढून या. अर्ध्या बोटांचे मोजे चालतात. कोमट पाण्यात हात काही मिनिटं बुडवले तर ऊब लवकर येते, मात्र नंतर बोटांच्या बेचक्यांसह कोरडे पुसा.

ऊबेच्या पुड्या

लोखंडाच्या भुकटीच्या पुड्या हवेतल्या प्राणवायूशी लोखंड गंजू लागल्यामुळे तापतात. घट्ट मोज्यात कोंबली की पुडी थंड पडते, आणि लोक ती खराब निघाली म्हणून फेकून देतात. बाहेर काढून दोन मिनिटं हलवा, बहुतेक वेळा पुन्हा तापते. लवकर घरी परतलात तर हवाबंद पिशवीत घालून ठेवा, काम थांबतं आणि उरलेली ऊब दुसऱ्या दिवशी वापरता येते. पुडी तळहातात नको, तिथे पकड बिघडते. मनगटाच्या आतल्या बाजूला किंवा हाताच्या पाठीवर ठेवा, मध्ये कापडाचा थर असू द्या. बधिर त्वचेला भाजल्याचं कळत नाही. धातूची चकती दाबून तापणाऱ्या पुड्यांत सोडियम ॲसिटेटचं द्रावण असतं. ५८ अंशांच्या जवळपास तापतात आणि उकळत्या पाण्यात ठेवून पुन्हा वापरता येतात, पण ऊब लवकर ओसरते.

डॉक्टरांना कधी दाखवायचं

साध्या गारव्याने, नुसता फ्रिज उघडल्यानेही एखादं-दुसरं बोट एकदम पांढरंफटक पडत असेल, त्याला स्पष्ट कड दिसत असेल, मग ते निळसर आणि शेवटी लाल होत असेल, तर तो रेनॉचा विकार असू शकतो. मॉरिस रेनॉ यांनी १८६२ मध्ये त्याचं वर्णन केलं. बहुतेकांत तो निरुपद्रवी असतो, पण काहींत दुसऱ्या आजाराचं लक्षण असतो, म्हणून तिशीनंतर नव्याने सुरू झाला, एकाच हाताला होत असेल किंवा बोटांवर जखमा होत असतील तर टाळू नका. रक्तदाबाची बीटा ब्लॉकर औषधं, सर्दीची काही औषधं आणि कंप पावणारी यंत्रं यांनीही बोटं गार पडतात. औषध स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. हात कायम गार आणि सोबत थकवा असेल तर रक्तक्षय आणि थायरॉइड तपासून घ्या.

गार आणि दमट हवेनंतर काही तासांनी बोटांवर लालसर-जांभळ्या, खाजणाऱ्या गाठी आल्या तर हात हळूहळू गरम करा, शेगडीवर धरू नका, खाजवू नका.

बोट मेणासारखं पांढरं, कडक आणि पूर्ण बधिर झालं असेल तर तो हिमदंश असू शकतो. चोळू नका, बर्फ लावू नका, आगीजवळ नेऊ नका. पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर वितळवूही नका, कारण दुसऱ्यांदा गोठल्याने जास्त हानी होते. सुरक्षित जागी पोचल्यावर ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात बुडवा. थर्मामीटर नसेल तर दुसऱ्या माणसाने कोपर बुडवून पाणी पाहावं, गारठलेल्या माणसाने नाही. लगेच दवाखाना गाठा.

परतल्यावर

रोजच्या थंडीने बोटांच्या टोकांना, विशेषतः अंगठ्याच्या नखाशेजारी, भेगा पडतात, आणि त्या चिरल्या की मोजा घालणंही नको होतं. हात धुतल्यावर ओलसर असतानाच पेट्रोलियम जेली किंवा जाड मलम लावा. गरम पाण्याने वारंवार धुऊ नका.

मोजे दर वेळी वाळवा, कोरडे वाटले तरी. आतला थर बाहेर काढून उलटा करा, बोटं पसरतील असा टांगा. कातड्याचे हीटरवर ठेवू नका, आकसतात आणि तडकतात. सकाळी निघताना मोजा हाताने चाचपून नाही, गालाला लावून पाहा. गार हाताला उरलेली ओल कळत नाही, गालाला कळते. बोटांच्या टोकाशी जरा जरी गार लागला तर तो जोड पुन्हा दोरीवर टाका आणि दुसरा घेऊन निघा.